फेब्रुवारी, सतराशे अकरा

मी आठ वर्षं सतराशे अकरा सालात राहिले. पत्ता मात्र चंदीगडचाच होता: सेक्टर बावीस, बस स्टँडपासून चालत सात मिनिटं, दुसरा मजला, खाली चपलांचं दुकान. सकाळी पोळ्या उरकायच्या, मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवायचं, नवऱ्याला डेराबस्सीकडे रवाना करायचं, आणि मग जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून तीनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये जाऊन बसायचं. नवरा केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे, औषधांच्या कारखान्यांची तपासणी करतो. लेबलवरची तारीख चुकली तर तो अख्खा माल थांबवतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात तारखा हा थट्टेचा विषय कधीच नव्हता.

लग्नाआधी मी कराडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. मग बदल्या सुरू झाल्या. भोपाळ, जबलपूर, मग इथे. प्रत्येक गावात मी तासिकांवर शिकवलं आणि प्रत्येक गावातल्या कुणी ना कुणी मला विचारलं, मॅडम, तुमची पीएचडी नाही का? विचारणारे माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असायचे. बेचाळिसाव्या वर्षी मी चिडून नोंदणी केली. चिडून केलेल्या गोष्टी माझ्या हातून नीट होतात, असा माझा तोवरचा अनुभव होता.

कुठल्या विद्यापीठात ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात विद्यापीठाचा काही दोष नाही. मार्गदर्शक म्हणून मला एकच बाई मिळाल्या. बाकीच्यांनी, आज आहात उद्या बदली होईल, असं म्हणून वाटेला लावलं. या मॅडम पंजाबी, मनीमाजऱ्याच्या जुन्या गल्लीत राहणाऱ्या, बोलायला फटकळ. त्यांचा अभ्यास एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांचा. अठरावं शतक त्यांच्या वाटेवर होतं, मुक्कामाचं नव्हतं. त्या म्हणाल्या, सगळं शतक धरू नकोस, एक वर्ष धर आणि पिळून काढ. मी सतराशे अकरा धरलं.

त्या वर्षाच्या मार्च महिन्यात लंडनमध्ये एक दैनिक सुरू झालं. एका कागदाचं. कॉफीच्या दुकानांत लोक ते मोठ्याने वाचायचे. त्याचा लेखक एक गप्प बसणारा गृहस्थ असल्याचं सोंग घेतो, कोपऱ्यात बसतो आणि शहराकडे बघतो. ही गोष्ट इंग्रजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. मला सापडलं ते वेगळंच होतं. एका परदेशी ग्रंथालयाने इंटरनेटवर टाकलेल्या जुन्या कागदांमध्ये सोळा पानांचं एक चोपडं होतं. लिहिणारीचं नाव नाही. ती कॉफीच्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहणारी बाई. तीही गप्प, तीही बघणारी, तिचीही तीच तिरकस, हसरी तऱ्हा. पहिल्या पानाखाली साल छापलेलं: सतराशे अकरा. शेवटच्या पानावर महिना: फेब्रुवारी.

फेब्रुवारी मार्चच्या आधी येतो. म्हणजे बाई आधी, साहेब नंतर. ज्या लेखनपद्धतीचं श्रेय तीनशे वर्षं दोन-चार पुरुषांना दिलं गेलं, ती एका दुकानातल्या बाईने आधी शोधली होती. माझा सगळा प्रबंध या एका वाक्यावर उभा होता. शीर्षकातच 'आधी' हा शब्द होता. मला त्या बाईचा पुळका होता आणि त्यात माझा स्वतःचा राग मिसळलेला होता, हे आता मी कबूल करते. लेखात नाव दुसऱ्याचं आणि मेहनत बाईची, हे मी तीन गावांत बघितलं होतं, एकदा माझ्या स्वतःच्या बाबतीत.

आता कॅलेंडरबद्दल. माझी बहीण दर डिसेंबरात साताऱ्याहून मराठी कॅलेंडर पाठवते. ते स्वयंपाकघरात लागतं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई त्यांचं कॅलेंडर देतात, ते दारामागे. दोन्हींत पंधरा दिवसांचा फरक, कारण आपला महिना अमावस्येला संपतो आणि यांचा पौर्णिमेला. पहिल्या वर्षी मी आपल्या हिशेबाने पहिला श्रावणी सोमवार धरला, तेव्हा यांचे दोन होऊन गेले होते. घरमालकीणबाई हसून म्हणाल्या, तुमचा महादेव उशिरा उठतो वाटतं. तेव्हापासून मी दोन्ही कॅलेंडरं बघूनच तोंड उघडते.

त्यामुळे लंडनचं कॅलेंडर पॅरिसच्या अकरा दिवस मागे होतं, हे वाचलं तेव्हा मला अगदी घरच्यासारखं वाटलं. पंधरा दिवस सांभाळणाऱ्या बाईला अकरा दिवसांचं काय! मी चार पानांचं परिशिष्ट लिहिलं, पॅरिसहून लंडनला गेलेल्या पत्रांच्या तारखा जुळवून दिल्या. मॅडमनी त्यावर लाल पेनने 'उत्तम' लिहिलं. तारखांचा प्रश्न सुटला, असं मी ठरवून टाकलं आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाही. तोच माझा माज नडला.

प्रबंध जमा करायची मुदत एकतीस मार्चला संपत होती. दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. एकतीसच्या संध्याकाळी पाचनंतर माझी नोंदणी रद्द आणि आठ वर्षं पाण्यात. मी मात्र निवांत होते. सगळं लिहून झालं होतं, मॅडमची सही झाली होती, फक्त बाइंडिंग बाकी होतं. त्या वर्षी पाडवा बावीस मार्चला आला.

चंदीगडात पाडव्याची सुट्टी नसते. खाली घरमालकीणबाईंच्या नवरात्राचे उपास सुरू होत होते, शिंगाड्याचं पीठ भाजल्याचा वास जिन्यात भरला होता. जळमटं काढायची लांब काठी मी आदल्या दिवशी घासून ठेवली होती. नवऱ्याने कामावर जायच्या आधी गुढी उभारली, घाईघाईत पाया पडला आणि निघून गेला. दहावीची परीक्षा संपल्यामुळे मुलगी घरी होती. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. मी गाठीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि सवयीने सांगितलं, आज आपलं नवीन वर्ष, काल जुनं संपलं.

तिने गाठी दाताखाली फोडली. "मतलब मेरा बर्थडे पिछले साल में चला गया? फरवरी तो साल के एंड में आ गई ना, मम्मा."

मी हसले. हसता हसताच थांबले. आपलं वर्ष मार्चात बदलतं तसं आणखी कुणाचं तरी बदलायचं, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. कुठे, ते आठवत नव्हतं, आणि आठवू नये असंही वाटत होतं.

निरंजन तसंच ठेवून मी टेबलाशी गेले. हाताला हळद होती, ती की-बोर्डला लागली. दहा मिनिटं पुरली. ज्या पुस्तकातून मी अकरा दिवसांची माहिती घेतली होती, त्याच पुस्तकात, त्याच पानावर, पुढच्याच परिच्छेदात लिहिलेलं होतं: इंग्लंडात तेव्हा सरकारी वर्ष पंचवीस मार्चला बदलायचं. जानेवारी, फेब्रुवारी आणि जवळजवळ सगळा मार्च त्यांच्या हिशेबाने जुन्याच वर्षात मोडायचा. सतराशे अकराचा फेब्रुवारी हा त्या वर्षाचा शेवट होता. आपण आज ज्याला सतराशे बाराचा फेब्रुवारी म्हणू तो. आजच्या हिशेबाने सतराशे अकराच्या मार्चात दैनिक सुरू झालं, त्यानंतर अकरा महिन्यांनी आलेला.

तरीही मी वाट शोधत होते. काही लोक जानेवारीपासूनच साल मोजायचे, माझी बाईही मोजत असेल. मग मी तिचं तिसरं पान उघडलं. तिथे ती म्हणते की दुकानात रोज सकाळी ही मंडळी मोठ्याने वाचतात आणि मी ऐकते, त्याला आता वर्ष होत आलं. काय वाचतात, ते तिने लिहिलेलं नाही. या ओळीवर मी दीड पान लिहिलं होतं. ती दुकानात नोकरीला लागून वर्ष होत आलं असणार, असा माझा विद्वान निष्कर्ष होता. आता ती ओळ माझ्याकडे बघत होती. वर्षभर तिने तेच दैनिक ऐकलं होतं आणि त्याच्याच तऱ्हेने लिहायला शिकली होती. माझी बाई आधी नव्हती.

मुलगी मागे येऊन उभी राहिली होती. माझा चेहरा बघून ती घाबरली असावी, म्हणून मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिला भीती वगैरे काही वाटली नाही, उलट आनंद झाला. आपल्या एका प्रश्नाने आईचा आठ वर्षांचा प्रबंध हलवला, याचं तिला भलतंच कौतुक वाटलं. मग ठीक करून टाक, असं तिने सांगितलं. नऊ दिवस आहेत, नऊ दिवसांत तिने अख्खं रसायनशास्त्र संपवलं होतं.

नवऱ्याला मी काही बोलले नाही. त्याचं उत्तर मला माहीत होतं आणि तेच मला ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मनीमाजऱ्याला गेले. मॅडमनी चहा ठेवला, मठरीचा डबा पुढे केला. मी डब्याला हात न लावता पुस्तकाचं ते पान आणि चोपड्याचं तिसरं पान टेबलावर ठेवलं. त्यांनी दोन्ही वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मी मनातल्या मनात म्हणत होते, नाही म्हणा, ही चूक नाही म्हणा.

"तुम्हें नहीं दिखा, ठीक है," त्या म्हणाल्या. "मुझे क्यों नहीं दिखा?"

मग त्या उठून खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्याच बोलत राहिल्या. शीर्षक बदलायचं तर समितीची मंजुरी हवी, समिती एप्रिलच्या आधी बसत नाही. म्हणजे प्रबंध बदलला तर मुदत जाते. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी, जूनमध्ये त्या निवृत्त होणार. प्रमाणपत्रावर त्यांची सही होऊन गेलेली. बाहेरचे परीक्षक एवढ्या बारकाईने बघणार नाहीत. पुढे कुणीतरी दुरुस्त करेल, संशोधन असंच पुढे जातं. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात, जवळजवळ विनवणी केल्यासारख्या बोलत होत्या. निघताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि "जमा कर दो," एवढंच म्हणाल्या.

त्या वाईट बाई नाहीत. आठ वर्षांत त्यांनी माझं एकही पान न वाचता परत केलं नाही. मला दारात उभं न करणाऱ्यांच्या शहरात त्यांनी मला घरात घेतलं होतं. पण त्या दिवशी परतताना रिक्षात मला त्यांचा राग आला, आणि मग लक्षात आलं की त्यांनी तेच सांगितलं जे मला ऐकायचं होतं.

तीन दिवस मी प्रयत्न केला, हे खरं आहे. चौथं प्रकरण उलटून लिहायला घेतलं. ते उलटलं की तिसरं कोसळायचं, तिसऱ्यावर प्रस्तावना उभी, आणि सगळ्यावर ते शीर्षक. पण एक साधी गोष्ट करता आली असती. एक तळटीप. तारखेच्या या अडचणीमुळे माझा निष्कर्ष टिकणार नाही, असं सांगणारी तीन ओळींची तळटीप. तिला कुणाची मंजुरी लागत नव्हती. परीक्षकांनी ती वाचून मला नापास केलं असतं किंवा कदाचित नसतंही केलं. ती मी लिहिली. दोनदा वाचली. चांगली झाली होती, प्रबंधातल्या बऱ्याच पानांपेक्षा स्वच्छ. मग खोडली.

सव्वीस तारखेला मी बाइंडिंगला निघाले तेव्हा मुलगी सोबत आली. दुकानात ढीग लागला होता, सगळ्यांच्याच मुदती संपत होत्या. मरून रंगाचा पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरं. दुकानदाराने शीर्षक तपासून घ्या म्हणून पहिलं पान माझ्यासमोर धरलं. त्यात तो 'आधी' तसाच होता. इंग्रजीतला तो लांबलचक मथळा मुलीने नीट वाचला नसावा, किंवा वाचूनही तिला कळलं नसावं. तिने विचारलं ते असं, अगदी सहज, पुठ्ठ्यांचे रंग बघता बघता:

"ठीक कर दिया ना, मम्मा?"

"हो."

"पक्का?"

"पक्का," मी म्हणाले.

एकतीसची वाट न बघता अठ्ठावीसलाच प्रबंध जमा केला. लिपिकाने शिक्का मारला, पावती दिली. घरी येऊन मी दार लावून झोपले. आठ वर्षांचं काम संपल्यावर माणसाला आनंद होतो म्हणतात. मला वाटलं, कुणीतरी हा गठ्ठा वाटेत हरवला तर किती बरं होईल.

पुढचे सात महिने मी प्रत्येक मेल श्वास रोखून उघडला. वीजबिलाचा मेलसुद्धा. दुपारी मी एकटी त्या चोपड्याचं तिसरं पान उघडून बसायची. त्या बाईचा मला आता पुळका नव्हता, राग होता. बये, एक शब्द जास्त लिहिला असतास तर काय झालं असतं? काय ऐकतेस, ते तरी सांगायचं होतंस. मग लाज वाटायची. तिने तिचं खरं काय ते लिहिलं होतं. तिच्या तोंडी खोटं मी घातलं होतं. ज्या बाईला न्याय द्यायला निघाले, तिला मी माझी पदवी मिळवायला वापरलं होतं.

ऑक्टोबरात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक शिडशिडीत, वयस्कर, अतिशय सौम्य. त्यांनी माझ्या प्रबंधात पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. मी त्या मोजायचा प्रयत्न करत होते आणि चौथ्या प्रकरणात किती आहेत ते बघत होते. मॅडम माझ्या डाव्या हाताला बसल्या होत्या, त्यांनी पाण्याची बाटली तीनदा उघडून बंद केली. तासभर इतर प्रश्न झाले. मग परीक्षकांनी नेमकं चौथं प्रकरण उघडलं, पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, तुमचा सगळा युक्तिवाद तारखांवर आहे.

मॅडमचा हात बाटलीवर थांबला.

ते पुढे म्हणाले की म्हणूनच त्यांना परिशिष्ट फार आवडलं. लंडन आणि पॅरिसमधला अकरा दिवसांचा फरक आजकालचे विद्यार्थी विसरतात. तुम्ही एवढ्या दूर बसून हे सांभाळलंत. तेव्हाच्या कालगणनेचा सगळा विचार तुम्ही केला आहे, असं मी धरून चालू ना?

त्यांनी मला दारच उघडून दिलं होतं. आत जायचं की बाहेर, एवढंच ठरवायचं होतं.

"हो सर," मी म्हणाले.

अर्ध्या तासाने त्यांनी माझ्या नावापुढे डॉक्टर लावून माझं अभिनंदन केलं. मॅडम रडल्या. मला मिठी मारली ती त्यांनी लवकर सोडली नाही, आणि मीही. लोकांना वाटलं, गुरु-शिष्येचं केवढं प्रेम. प्रेमही होतं त्यात, नाही असं नाही.

नवऱ्याने पेढे आणले. इथे आपल्यासारखे पेढे मिळत नाहीत म्हणून अंबाल्याच्या एका हलवायाला समोर उभं राहून करायला लावले होते. त्याच्या आनंदाकडे बघवत नव्हतं. बदल्यांपायी माझी नोकरी गेली हे तो कधी बोलला नाही, पण त्याच्या मनात ते होतं, आणि आता ते ओझं उतरल्यासारखा तो हलका झाला होता. खालच्या दारावर त्याने नवीन पाटी लावली. घरमालकीणबाई गुडघे दुखतात म्हणून वर आल्या, तेव्हा मी कसल्या प्रकारची डॉक्टर ते समजावून सांगावं लागलं. सगळे हसले, मीही हसले.

दिवाळीनंतर इथल्या मराठी लोकांचं स्नेहसंमेलन असतं. बदलीवर आलेली कुटुंबं, मोहालीच्या कंपन्यांतली तरुण पोरं, चकलीचा डबा घेऊन येणाऱ्या बायका. त्यात दरवर्षी कुणाचा तरी सत्कार करतात. शाल, श्रीफळ, दोन शब्द. त्या वर्षी माझा ठरला. मी नको म्हणाले, ते त्यांना विनय वाटला. नवऱ्याने परस्पर मॅडमना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. निवृत्तीनंतर त्या थोड्या थकल्या होत्या, पण फिकट गुलाबी सूट घालून आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. मराठीचा एक शब्द त्यांना कळत नव्हता, सगळ्याला मान डोलवत होत्या.

शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला. मी खुर्चीवर बसले आणि सूत्रसंचालकाने जाहीर केलं की सत्कारमूर्तींविषयी त्यांची कन्या बोलणार आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझ्यासाठी आश्चर्य होतं. मुलगी माइकशी आली, घडी घातलेला कागद उघडला. लोकांसमोर तिने आयुष्यात कधी मराठी बोललेलं नव्हतं. बापाने तिच्याकडून आठवडाभर पाठ करून घेतलं होतं, आणि तो सभागृहात उभा राहून ओठ हलवत तिला साथ देत होता.

ती अडखळत बोलली. 'ळ' तिला जमत नाही, तो प्रत्येक वेळी 'ल' झाला आणि लोक प्रेमाने हसले. ती म्हणाली, माझ्या आईचा प्रबंध पाडव्याच्या दिवशी चुकलेला निघाला. मी एक प्रश्न विचारला आणि तिला तिची चूक दिसली. मुदत संपायला नऊ दिवस होते. दुसऱ्या कुणी लपवलं असतं. माझ्या आईने त्याआधीच सगळं पुन्हा लिहिलं. मोठी झाल्यावर मला आईसारखं व्हायचंय.

टाळ्या पडल्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. नवरा माझ्याकडे बघत होता, आणि हे तू मला कधी सांगितलं का नाहीस, हा आठवडाभर दाबून ठेवलेला प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेला होता. मॅडमनाही काही न कळता भरून आलं होतं, त्या सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होत्या. सूत्रसंचालकाने माइक माझ्या हातात दिला, दोन शब्द म्हणून.

मी उठले. आभार मानायचे आणि बसायचं, एवढंच होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. परीक्षकांना मी हो म्हणाले होते, विद्यापीठाला सही करून दिली होती, आणि त्या दोन्ही गोष्टींसोबत मी जगत आले होते. पण हे पोर माझं खोटं पाठ करून, ओठ वाकडेतिकडे करत, आपली म्हणून कधी न वापरलेली भाषा वापरून मला मोठं करत होतं. माझ्या खोट्यावर तिने स्वतःला बेतायला घेतलं होतं. तेवढं मला सोसेना.

"प्रश्न तिचाच होता," मी म्हणाले. "बाकीचं खरं नाही. मी काहीही पुन्हा लिहिलं नाही. चूक माहीत असताना प्रबंध तसाच जमा केला, आणि तिला ठीक केलं म्हणून सांगितलं. परीक्षेतही खोटं बोलले."

कुणीतरी हसलं, मी विनोद करते आहे असं वाटून. मग हसणं थांबलं. मागे चकलीच्या डब्याचं झाकण पडलं ते ऐकू आलं. नवऱ्याने हळूच समोरच्या खुर्चीची पाठ धरली. मुलगी माइकपासून दोन पावलांवर, कागद हातात घेऊन उभी होती. तिला एकेक शब्द समजला होता. तिने कागदाची घडी घातली, मग आणखी एक, मग आणखी एक, पुढची घडी पडणार नाही इतका तो लहान होईपर्यंत.

पहिल्या रांगेत मॅडम अजून हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांचे आभार मानले असणार, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी टाळीसाठी हात उचलले.

माइक माझ्याच हातात होता. मी त्यांच्याकडे वळले आणि तेच सगळं, एकही शब्द न गाळता, पहिल्यापासून हिंदीत सांगायला लागले.